शिवलेलं पान

त्या दिवशी मी बल्ब आणायला बाहेर पडले होते, एवढंच. थिएटरातल्या माझ्या खोक्यातला दिवा सकाळी फट्कन गेला. नोव्हेंबरात आमच्या बेटावर वारा सुटला की बोटी बंद आणि निम्मी दुकानंही बंद. बंदरावरच्या दुकानदारानं फळीवरचा शेवटचा बल्ब पुसून दिला आणि माझ्या कोटाकडे बघत म्हणाला, "असिमिना, ते गळ्याचं बटण पडेल हं."

बटण महिनाभर एका धाग्यावर लोंबत होतं. मी म्हटलं, "पडू दे. मला बघतंय कोण?"

खरंच कोणी बघत नसे. मी आमच्या थिएटरची प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत एक खोका असतो, प्रेक्षकांच्या बाजूला लाकडी झाकण, नटांच्या बाजूला उघडा. त्यात बसायचं, मांडीवर संहिता घ्यायची आणि नटाच्या अर्धा श्वास आधी त्याची ओळ कुजबुजायची. बावीस वर्षं मी नटांची पावलं बघत काढली. कोण प्यायलंय, कोण घाबरलंय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, सगळं मला पावलांवरून कळे.

माझ्याआधी त्या खोक्यात म्हातारे मार्किस बसत आणि त्यांच्याआधी माझी आई. संहिताही आईच्याच वेळची. आमच्यात एक पद्धत आहे. जो मजकूर गाळायचा, ते पान दुमडून सुईदोऱ्यानं शिवून टाकायचं, म्हणजे अंधारात बोट चुकत नाही. आणि शिवलेलं पान उसवायचं नाही. त्या संहितेत एकच पान शिवलेलं होतं, काळ्या दोऱ्यानं, बारीक टाक्यांनी. मार्किस मला म्हणाले होते, "तुझ्या आईचे टाके आहेत, पोरी. राहू देत." मी राहू दिले. तिच्या हातचं काही उघडून बघायची मला हौस नव्हती.

त्या हिवाळ्यात ती जुनी शोकांतिका बसत होती. वेढा पडलेलं शहर, लोक उपाशी, आणि शत्रू म्हणतो, राणीचं एक मूल ओलीस द्या, मी धान्य आत सोडतो. राणीला दोन मुलं. ती मुलीला शिपायाच्या हाती देते, पाठ फिरवते आणि मागे न बघता महालात निघून जाते. आमच्या बेटावर त्या प्रसंगाला बायका तोंडावर शिव्या घालायच्या. मीही खोक्यातून मनातल्या मनात घालायची.

राणीचं काम मिर्सिनीकडे होतं. चोवीस वर्षांची, अथेन्सजवळच्या पिरेयस बंदराची पोर, पहिलीच मोठी भूमिका. पाठ फिरवायची वेळ आली की तिची पावलं जमिनीला खिळायची.

"पुन्हा अडलीस?" दिग्दर्शक कोस्मास ओरडायचा. "अगं, घोडं पाण्यावर आणलंय, आता पी ना!"

"पण ती मुलगीच का देते?"

"कारण मुलगा गादीचा वारस आहे! दगडाच्या काळजाची बाई आहे ती, मिर्सिनी. दगड हो. परवा पहिला प्रयोग. जमलं नाही तर बोट सुरू होताच तू घरी. अथेन्समध्ये राणी व्हायला रांग लागलीये."

मी खोक्यातून म्हटलं, "बरोबर आहे त्याचं. असतात अशा बाया. मुलगा ठेवतात आणि मुलगी देऊन टाकतात."

माझा आवाज फार कडवट आला असणार, कारण कोस्मासनं वाकून खोक्यात बघितलं.

सांगते. मी पाच वर्षांची होते. परक्या फौजा बेटावर होत्या आणि त्या हिवाळ्यात माणसं रस्त्यात बसल्या जागी मरत होती. आमच्या घरात तेलामिठाशिवाय उकडलेल्या रानपाल्याचा वास भरलेला असे. एका सकाळी आईनं मला धक्क्यावर नेलं. शेजारच्या बेटावरच्या एका कप्तानाच्या बायकोला मूल हवं होतं, तिच्याकडे पीठ होतं. माझ्या कोटाचं गळ्याचं बटण सुटलं होतं, ते आईनं तिथेच, अंगावरच शिवलं. दोरा दातानं तोडला. तिचे थंड ओठ माझ्या मानेला लागले. मग तिनं पाठ फिरवली आणि बोट सुटायच्या आधीच निघून गेली. माझा भाऊ याकोवोस घरी होता. त्याला तिनं ठेवून घेतलं. मी या बेटावर परतले ती एकोणिसाव्या वर्षी.

आईची मला तेवढीच आठवण आहे. पाठमोरी.

तर त्या दुपारी मी नवा बल्ब लावला आणि खोक्यात उतरले. बसले मात्र, नाकात तो वास आला. तेलामिठाशिवाय उकडलेला रानपाला. छत्तीस वर्षांत कुठे आला नव्हता. वाटलं, मागे कोणी काही शिजवत असेल. पण थिएटरात चूल कुठली?

तालीम सुरू झाली. राणीचा प्रसंग आला. मी ओळ कुजबुजले, मिर्सिनीनं घेतली. पुढची कुजबुजले, तीही घेतली. पण तिची पावलं हळूहळू माझ्याकडे वळत होती. नटाची पावलं प्रॉम्प्टरकडे वळत नाहीत. बावीस वर्षांत कधी वळली नव्हती.

कॉफीच्या सुट्टीत ती खोक्यापाशी उकिडवी बसली.

"मावशी... तुम्ही प्रत्येक ओळ दोनदा का सांगता?"

"दोनदा? एकदाच सांगते, बाई."

"नाही... एकदा तुमचा आवाज येतो. आणि त्याच्या आधी..." तिनं कप दोन्ही हातांत घट्ट धरला. "त्याच्या आधी दुसरा. मला वाटलं, त्या बाईंचा असेल."

"कुठल्या बाई?"

"तुमच्या मागे बसतात त्या. मला तोंड कधी दिसत नाही... पाठ करून बसलेल्या असतात."

त्या खोक्यात माझे स्वतःचे गुडघे धड मावत नाहीत. माझ्या मागे विटांची भिंत आहे, चार बोटांवर. हे मी तिला सांगितलं नाही. तिच्यासमोर पहिला प्रयोग होता. "कामावर लक्ष दे," एवढंच म्हटलं, आणि हसायचा प्रयत्न केला. हसू काही आलं नाही.

ती उठून गेली. मी मागे वळून बघितलं नाही. खरं सांगते, धीर झाला नाही. नजर खाली वळवली तर मांडीवर संहिता उघडी होती.

शिवलेलं पान उसवलेलं होतं.

फाडलेलं नव्हतं. एकेक टाका नीट, सावकाश काढलेला. सुईची भोकं तेवढी रांगेनं दिसत होती. दोरा कुठेच नव्हता. मी खोक्यात बघितला, पायरीवर बघितला, मांडी झटकली. नव्हता.

त्या पानावर राणीच्याच आठ ओळी होत्या. मुलीकडे पाठ केल्यावर ती दाईला हळू आवाजात सांगते. मुलगा तापानं फणफणलाय, उद्याची सकाळ तो बघणार नाही. "दोघांतलं जे जगेल, ते मी दिलं. जे मरणार आहे, त्याला आईची मांडी लागेल. आणि वळून बघितलं तर मी तिला परत मागून घेईन, म्हणून मला धर, दाई, मला वळू देऊ नकोस."

समासात पेन्सिलीनं तारीख लिहिली होती. चौदा जानेवारी. मला बोटीत बसवलं तो दिवस. याकोवोस त्यानंतर आठव्या दिवशी गेला, हे मला माहीत होतं. आई त्याच हिवाळ्यात, कार्निव्हलच्या आधी गेली, हेही माहीत होतं. पण तो आजारी होता हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. छत्तीस वर्षं मी एका बाईला दोष देत बसले, आणि तिला या ओळी दुसऱ्याला सांगताना आवाज फुटेना म्हणून तिनं पान शिवून टाकलं होतं. मी तिथेच तोंडात रुमाल कोंबून रडले.

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलं होतं. कोस्मासनं बजावलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर दोघींनाही घरी बसवीन. प्रसंग आला. शिपायानं मुलीचा हात धरला. मिर्सिनीनं पाठ फिरवली, आणि तिची पावलं खिळली. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. मी माझ्या मागच्या आवाजाची वाट बघत होते. वास होता, खूप जवळ. पण आवाज नव्हता. तेव्हा मला कळलं की आता हे मीच सांगायचं आहे.

मी शिवलेल्या पानावरची पहिली ओळ कुजबुजले.

मिर्सिनीची टाच थरथरली. या ओळी तिनं कधी वाचल्या नव्हत्या. पण तिनं घेतली. दुसरी घेतली. "जे मरणार आहे, त्याला आईची मांडी लागेल," म्हणताना तिचा आवाज इतका खाली गेला की सगळं थिएटर पुढे झुकलं. शेवटच्या ओळीनंतर ती चालू लागली आणि तिचं प्रत्येक पाऊल मागे ओढ घेत होतं. त्या रात्री कोणी शिवी दिली नाही. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका, त्या हिवाळ्यातून वाचलेल्या, रुमालाआड नव्हे, उघड रडत होत्या.

पडदा पडल्यावर कोस्मास आत येऊन मला काहीतरी बोलणार होता. त्यानं नुसतं नाक पुसलं आणि म्हणाला, "राहू दे ते पान उघडं."

तो गेल्यावर मिर्सिनी खोक्याशी आली. चेहऱ्यावरचा रंग ओघळलेला.

"मावशी, आज तुमचा एकटीचाच आवाज होता."

"हो."

"आणि त्या बाई... आज पाठमोऱ्या नव्हत्या." ती थांबली. "मला वाटलं, माझ्याकडे बघतायत. पण नाही. तुमच्या खांद्यावरून खाली वाकल्या होत्या... हातानं काहीतरी करत होत्या, गळ्यापाशी. तुम्हाला कळलं नाही?"

मला काहीच कळलं नव्हतं. फक्त मघाशी, शेवटच्या ओळीला, मानेला काहीतरी थंड लागलं होतं. वारा असेल म्हटलं.

मी अंगातल्या कोटाच्या गळ्याला हात लावला. बटण घट्ट बसलेलं होतं. काळ्या दोऱ्यानं, बारीक टाक्यांनी शिवलेलं. दोऱ्याचं टोक दातानं तोडलेलं होतं, आणि माझ्या बोटाला ते अजून ओलं लागलं.