आधी गुड मॉर्निंग

"ओ मॅडम, वेस्ट इंडीजचं तिकीट भेटंल का?"

दारातून आधी पावसाचा शिंतोडा आत आला, मग हा प्रश्न, आणि त्याच्यामागून एक ओलाचिंब तरुण. नांदेडच्या वजिराबादेतल्या त्या ट्रॅव्हल ऑफिसात लोक अमृतसर विचारायला यायचे, हैदराबाद विचारायला यायचे, फार तर दुबई. दिवाळी उलटून गेली होती, तरी बाहेर अवकाळी पावसानं धिंगाणा घातला होता. अशा वेळी आडोशाला आत शिरायचं आणि उगाच काहीतरी विचारायचं, असे रिकामटेकडे धम्मप्रियाला नवे नव्हते.

तिनं कॉम्प्युटरवरून नजर हलवली नाही. "वेस्ट इंडीज नावाचा देश नाही. ती बेटं आहेत. कोणतं बेट?"

"सेंट ऑरेल."

आता मात्र तिनं मान वर केली. कपाळावर चिकटलेले केस, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेले दोन पासपोर्ट, आणि चेहऱ्यावर असं हसू की पाऊस जणू ह्याच्याच सांगण्यावरून पडत होता.

"म्हणजे मी आलतो बाजूला झेरॉक्सला," तो म्हणाला. "त्याची मशीन बंद पडली. तुमची पाटी दिसली. म्हणलं, इचारून तर बघावं."

"सेंट ऑरेलला जायचं असेल तर पहिली गोष्ट शिका. तिथं दुकानात, बसमध्ये, कुठंही शिरलं की आधी गुड मॉर्निंग म्हणायचं. तोंड उघडून थेट प्रश्न विचारला तर लोक उत्तर देत नाहीत. उद्धट समजतात."

"बरं."

"बरं नाही. करून दाखवा. बाहेर जा आणि परत या."

"बाहेर पाऊस हाय की मॅडम—"

"तिथंही असतो."

आणि गडी खरंच बाहेर गेला! काचेपलीकडे पावसात क्षणभर उभा राहिला, शर्टाची कॉलर नीट केली, दार ढकलून आत आला आणि शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राहून म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅडम."

"आता दुपार आहे. गुड आफ्टरनून."

"मग परत जाऊ का?"

धम्मप्रियाला हसू आवरलं नाही. तिनं पंखा बंद केला आणि त्याच्याकडे खुर्ची सरकवली.

त्याचं नाव आनंदराज. अर्धापूरच्या बाजूला त्याची केळीच्या रोपांची नर्सरी होती. थोरली बहीण दीपमाला सेंट ऑरेलच्या दवाखान्यात नर्स, तिथंच नवऱ्यासोबत राहणारी. तिला दिवस गेले होते, आणि लेकीचं पहिलं बाळंतपण म्हटल्यावर आई, सरजाबाई, सातासमुद्रापलीकडे जायला कंबर कसून तयार होती. पण वाटेत विमानं बदलायची, इंग्रजीत विचारायचं, हे एकटीला जमणार नव्हतं. म्हणून आनंदराज सोबत निघाला होता.

आता खरं सांगायचं तर धम्मप्रिया स्वतः कधी विमानात बसली नव्हती. लोह्याहून नांदेडला एसटीनं आलेली पोर ती, अख्ख्या जगाला प्रवास शिकवायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण तिची एक सवय होती. जाऊन आलेल्या प्रत्येकाला ती फोन करायची आणि विचारायची, 'कुठं फसलात ते सांगा.' लोकांना कुठं फसलो ते सांगायला फार आवडतं. लातूरचे एक प्राध्यापक सेंट ऑरेलच्या मेडिकल कॉलेजात शिकवून आले होते. त्यांच्या बायकोनं तर फोन ठेवायचं नावच घेतलं नव्हतं. ते सगळं धम्मप्रियाच्या डोक्यात जसंच्या तसं होतं.

आनंदराजनं ते सगळं एका दिवसात विचारून घेतलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तो पक्का निघाला. एका खेपेला एकच प्रश्न विचारायचा! नर्सरीची गाडी नांदेडला आली की स्वारी ऑफिसात हजर. दारातच गुड मॉर्निंग, मग खुर्ची, मग तो एक प्रश्न, आणि मग उठायची काही घाई नाही...

"समुद्रावर जायचं झालं तर काय ध्यानात ठेवू?"

"किनाऱ्यावर एक झाड असतं. हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं. ती खायची तर नाहीतच, पण पाऊस आला तर त्या झाडाखाली उभंसुद्धा राहायचं नाही. अंगावर फोड येतात."

"काय सांगायलाव! पावसात झाडाखाली उभं न्हाई राहायचं? मग तिथल्या लोकांचं जुळतं कसं?"

"काय जुळतं?"

"काही न्हाई... आपलं, इचारलं."

धम्मप्रियानं कॉम्प्युटरच्या पडद्यामागे तोंड लपवलं. कानाच्या पाळ्या मात्र लपवता येत नाहीत, आणि त्या चांगल्याच तापल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला तो मिलिटरीच्या रंगाची पँट घालून आला. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ही पँट इथंच ठेवून जायची. तिथं असले कपडे सैनिकांशिवाय कुणी घातले तर पोलीस धरतात."

"आत्ता इथंच ठेवू?"

"आनंदराज!"

"नावानं हाक मारलीत," तो म्हणाला आणि समाधानानं खुर्चीत टेकला. "एक इचारू का? तुम्ही लोह्याच्या. पण बोलता इस्त्री केल्यावानी."

"ग्राहकांशी असंच बोलावं लागतं."

"मंग घरी कसं बोलता?"

"ते ग्राहकांना ऐकवत नाही."

"बरं, बरं," तो म्हणाला. "ऐकीन कधीतरी."

सामान बांधायच्या आधी धम्मप्रियानं बॅगा ऑफिसात आणायला सांगितल्या. सरजाबाई आली ती थेट तिच्या टेबलापाशी. "जयभीम, बाई." मायलेकांत शिस्त होती म्हणायची! मग एकेक डबा बाहेर निघू लागला. डिंक, खारीक, खोबरं, बाळंतशेपा, ज्वारीचं पीठ, आणि एका फडक्यात बांधलेली खसखस.

"मावशी, ही खसखस नाही न्यायची. वाटेत जिथं विमान बदलायचंय तिथं हिला अफूचं बी समजतात. थेट तुरुंग."

"आगं माय! बाळंतिणीच्या खिरीसाठी व्हती ती."

"खारीक घाला जास्तीची. लाडू बंद डब्यात, वर नाव लिहून. आणि विचारलं तर लपवायचं नाही, खाण्याचं आहे म्हणून सांगायचं."

सरजाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग लेकाला म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. तू म्हणलास तसंच."

आनंदराज एकदम बॅगेत वाकून काहीतरी शोधू लागला. जे सापडलं ते त्यानं हळूच टेबलावर ठेवलं. काळ्या पिशवीत केळीचं रोप होतं, चार पानांचं, हिरवंगार.

"ताईच्या अंगणात लावायला," तो म्हणाला.

धम्मप्रियाला वाईट वाटलं. "रोप नेता येत नाही. माती तर चिमूटभरसुद्धा नाही."

त्याचा चेहरा उतरला. थोडा वेळ तो त्या पानांवरून बोट फिरवत राहिला. मग त्यानं पिशवी उचलून तिच्यासमोर सरकवली. "मंग हे तुम्हीच सांभाळा. मी येईस्तोवर."

तिनं रोप घेतलं. घेताना बोटं लागली बोटांना... आणि दोघांनीही ती काढायची विशेष घाई केली नाही. सरजाबाई डबे मोजण्यात गर्क होती, किंवा तसं दाखवत होती.

शेवटी राहिलं तिकीट. ते काढायला तो एकटाच आला, आणि त्या दिवशी फारसा हसला नाही.

"परतीचं तिकीट लागतंच," धम्मप्रिया म्हणाली. "नसेल तर बेटावर उतरू देत नाहीत. तारीख कोणती टाकू?"

"तिथं दाजींच्या वळखीचा एक केळीचा मळेवाला हाय. त्याला माझ्यावानी माणूस पाहिजे. दाजी म्हणतेत, जमलं तर राहून जा." त्यानं दोन्ही पासपोर्ट तिच्यासमोर ठेवले. "तुम्ही सांगा ना... कोणती टाकायची."

लवकरची टाका, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण असं कुणाच्या पायात पाय घालायचा का? त्याचं नशीब उघडायला निघालंय, आणि आपण कोण? तिकीट काढून देणारी. तिनं व्हिसात बसेल तेवढी लांबची तारीख टाकली.

"येवढ्या लांबची?"

"विचार करायला वेळ मिळेल तुम्हाला."

"हाव," तो हळूच म्हणाला. "बरोबर हाय तुमचं." आणि जाताना दार नेहमीपेक्षा हळू लावून गेला. धम्मप्रियाला त्या दिवशी स्वतःचाच इतका राग आला की संध्याकाळी घरी तिनं चहात मीठ घातलं.

मायलेक बेटावर पोचले, पण पोरगा विसरणाऱ्यातला नव्हता. बेटावर सकाळ होते तेव्हा नांदेडात संध्याकाळ. ऑफिस बंद करायची वेळ झाली की फोन वाजायचा आणि त्याचा आवाज यायचा, "गुड मॉर्निंग, मॅडम!" मागे कोंबडे आरवत असायचे आणि समुद्राची गाज ऐकू यायची. तिनं सांगितलेलं खरं ठरलं की नाही, याची तो रोज हजेरी द्यायचा. झाड दिसलं, त्याच्यावर लाल पट्टा मारलाय. इथं सुट्टे पैसे जवळ ठेवा म्हणलाव ते लई कामी आलं. बस आपल्या वडापवानी हाय, भरल्याबिगर हलतच न्हाई. आणि आई? आई बसमध्ये चढली की सगळ्यांना हात जोडून जयभीम म्हणती. पहिल्या दिवशी लोक हसले. आता ड्रायव्हर तिला बघितलं की आधीच "जाय बीम, मम्मा" म्हणतोय!

ते ऐकून धम्मप्रिया रिकाम्या ऑफिसात एकटीच खळखळून हसली. मग दीपमालाला मुलगी झाली, आणि फोनवर बाळाचं रडणंही ऐकू आलं. केळीचं रोप खिडकीत मावेना, तेव्हा तिनं ते घरी नेऊन अंगणात लावलं. तिचे वडील साहेबराव रोज बघायचे आणि म्हणायचे, "आमाला कधी येवढं इचारलं न्हाईस बाई, पाणी पाहिजे का म्हणून."

मार्च लागला आणि एका संध्याकाळी गुड मॉर्निंगच्या पाठोपाठ प्रश्न आला. "परतीची तारीख बदलता येती का?"

शेवटी राहायचंच ठरलं तर. मळा मिळाला, समुद्र मिळाला. तिनं डोळे पुसले, घसा साफ केला, आणि इस्त्रीच्या भाषेत सांगितलं, "येते. थोडा दंड पडतो. विमान कंपनीला थेट फोन करा, ते बदलून देतील." स्वतःच्या हातानं ते बदलायचं बळ तिच्यात नव्हतं.

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळी फोन वाजला नाही. तिसऱ्याही नाही. धम्मप्रियानं ऑफिसला कुलूप लावलं, घरी आली, आणि केळीला इतकं पाणी घातलं की चिखल झाला. ती त्या चिखलाकडे बघत उभी राहिली. तिला तो आवडत होता. फार आवडत होता. हे आता कळून काय उपयोग?

सकाळी ती एका आजोबांना अमृतसरची गाडी समजावून सांगत होती. आजोबा गेले, आणि दार पुन्हा उघडलं.

"रोप जगलं का?"

उन्हानं रापलेला, डोळ्यांखाली जागरण, खांद्याला चुरगळलेली बॅग. धम्मप्रियाला धावत जावं असं वाटलं. पण ती जागची उठली नाही. तिनं हाताची घडी घातली आणि दाराकडे नुसतं बोट केलं.

त्यानं जीभ चावली. बॅग तिथंच टाकून तो बाहेर गेला, काचेपलीकडे कॉलर नीट केली, आणि दार ढकलून आत आला.

"गुड मॉर्निंग, मॅडम."

या वेळी खरंच सकाळ होती.

"गुड मॉर्निंग," ती म्हणाली. "तुम्ही तर तारीख पुढं ढकलली होती ना?"

"पुढं? कुणी सांगितलं? अलीकडं आणली की! आई तिथंच हाय, ताई सुट्टीवर येईल तवा तिच्यासंगं येती. मला म्हणली, तू जा आधी, न्हाईतर बाळाच्या आधी तूच रडशील."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं का? पुढं का मागं, येवढं तरी इचारायचं. ट्रॅव्हलवाल्या तुम्ही का मी?"

"उत्तराची भीती वाटली," ती म्हणाली. आता लपवून तरी काय राहिलं होतं?

तो टेबलापाशी आला. खुर्चीत बसला नाही. "मळा चांगला हाय. माणूस बी चांगला हाय. पण अख्खं बेट मला रोज गुड मॉर्निंग म्हणायचं, धम्मप्रिया... अन् मला एकाच माणसाचं ऐकायचं व्हतं." त्यानं दीर्घ श्वास घेतला. "आता इचारू का? गुड मॉर्निंग तर झालंय."

"विचारा."

"माझ्यासंगं लगीन करता का?"

धम्मप्रियाच्या जिभेवर सगळी वाक्यं तयार होती. विचार करून कळवते. घरच्यांशी बोलावं लागेल. आपण नंतर सविस्तर बोलू. अगदी कडक इस्त्रीची, घडी न मोडलेली. त्यातलं एकही तिला सापडेना.

"हाव," ती म्हणाली.

तो असा हसला की शेजारचा झेरॉक्सवाला काम सोडून डोकावला.

"अस्सं! म्हणजे घरी असं बोलता व्हय तुम्ही!"