उतरतं पाऊल

चहा गार व्हायच्या आत छपरावर पोचवायचा, एवढंच काम होतं माझं. दिवा जरा अलीकडे घ्या, म्हणजे नीट सांगते.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी कवठे महांकाळहून सांगलीला आले, ते थेट हळदीच्या गोदामामागच्या या खोलीत. आमच्या लग्नात हळद लागली नव्हती. दोन्हीकडची माणसं विहारात जाणारी, पांढऱ्या कपड्यांत साधेपणानं उरकलं. ती कसर या खोलीनं भरून काढली. गोदामात दिवसभर पोती झाडायचे आणि फटीफटीतून हळद आत यायची. पुसून ठेवलेलं ताट स्वयंपाक होईपर्यंत पिवळं, उशी पिवळी, बाबासाहेबांच्या फोटोची काचसुद्धा पिवळी. “वरीसभर नवरी दिसणार बघ तू,” सासूबाई म्हणायच्या. मुक्ताबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्या म्हणते.

गोदाम इंग्रजांच्या वेळचं, दगडी. वर शेजारी-शेजारी दोन कौलारू छपरं, आणि ती मिळतात तिथं माणूस चालेल एवढी रुंद पन्हळ. त्या पन्हळीला आतून शिशाचा पत्रा. तो बसवायचा धंदा आमच्या घरचा. आजेसासरे रेल्वेच्या बंगल्यांवर शिकले होते. आता जो तो सिमेंट ओततो. हे काम येणारी दोनच माणसं सांगलीत राहिली होती, दोघंही आत्यांचीच मुलं. त्यातलं धाकटं माझ्या वाट्याला आलं. माघारी कपिल म्हणते, समोर अहो.

शिसं लोखंडानं ठोकत नाहीत. त्याला लाकडाची मोगरी लागते आणि धीर लागतो. “घाई केली तर फाटतंय. समजावलं की कुठंबी वळतंय,” कपिल म्हणाला होता. आधी मला वाटलं, माझ्याविषयी बोलतोय. आणखी एक त्यानं सांगितलं, की शिसं आवाज गिळतं. साधा पत्रा वाजतो, घुमतो. शिशावर मोगरी पडली की नुसतं ठप्प, आणि संपलं. त्याला पडसाद नाही.

काम पुरं झालं की यांच्यात एक रीत आहे. उतरायच्या आधी माणसानं पत्र्यावर पाय ठेवायचा आणि दुसऱ्या कुणीतरी खिळ्यानं त्याभोवती रेघ ओढायची. बोटं शिडीकडं. याला उतरतं पाऊल म्हणतात. आपलं पाऊल आपल्याला काढता येत नाही, वाकलं की टाच उचलते. आणि ते काढल्याशिवाय छप्पर माणसाला सोडत नाही म्हणे. हे आत्याच सांगायच्या, आणि लगेच जोडायच्या, “आपण असलं काय मानत न्हाई बरं का. आपल्यात भूत नसतं.”

थोरले भाऊजी, प्रशांत, आदल्या उन्हाळ्यात याच पन्हळीवर काम करत होते. निम्मा पत्रा झाला आणि ते उतरले, पण शिडीनं नाही. मी त्यांना पाहिलेलं नाही. मला ठाऊक होती ती त्यांची उजव्या पायाची चप्पल. पडताना तेवढीच पायात राहिली होती. आत्यांनी ती उंबऱ्याच्या आत ठेवलेली, तोंड घराकडं. सकाळची वंदना झाली की त्या पदरानं ती पुसायच्या. दुपारपर्यंत ती पुन्हा पिवळी.

राहिलेलं काम पावसाच्या आत संपवायला कपिल वर चढला आणि हळूहळू खाली यायचंच विसरायला लागला. आधी जेवायला उतरायचा, मग डबा वर मागवायला लागला. रिकामा डबा आला की झाकणात निम्मी भाकरी नीट मोडून ठेवलेली असायची, कुणासाठी तरी वाढून ठेवावी तशी. “अजून थोडं राहिलंय,” एवढंच म्हणायचा.

त्या दिवशी ऊन कललं तरी तो आला नाही, म्हणून मी पदर खोचून चहा घेऊन शिडी चढले. मध्यावर असताना ऐकलं. ठप्प. आणि मग जरा लांबून, ठप्प. समोरच्या भिंतीचा पडसाद असेल, असं म्हणून मी आणखी वर गेले, आणि मग मला आठवलं, शिशाला पडसाद नसतो.

वर डोकं काढलं. कपिल उकिडवा बसला होता, मोगरी मांडीवर, हात मोकळे. पन्हळीच्या पलीकडच्या टोकाला कुणी नव्हतं.

ठप्प.

“चहा…” मी म्हणाले.

“ठेव. दादाची एवढी कड धरून झाली की…” तो थांबला. “ठेव म्हणलं न्हवं.”

“कुणाची?”

त्यानं नुसतं बोट दाखवलं. नव्या पत्र्यावर खिळ्याची रेघ होती. पावलाची बोटं, बाहेरची कड, आणि टाचेपाशी रेघ भरकटलेली. शेजारी आणखी एक, तेही टाचेपाशी सुटलेलं. पन्हळभर तशीच अर्धी पावलं.

“तुम्ही काढलीत?”

“मी कशाला? मला कुठं उतरायचंय अजून.”

हे त्यानं अगदी सहज म्हटलं. मी कपबशी पत्र्यावर ठेवली. मी पन्हळीकडं पाहिलं. पत्रा शेवटच्या कडेपर्यंत बसलेला होता. ठोकायला काही उरलंच नव्हतं.

“काम सरलंय की… चला ना खाली.”

“त्याला एकट्याला टाकून?” कपिल हळू आवाजात म्हणाला. “त्याचं त्याला काढता येईना गं. आणि मी खिळा धरला की पाऊलच घावत न्हाई…”

मी खाली आले. आत्या तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं ते त्यांनी मान खाली घालूनच ऐकलं. भूत नसतं, असं त्या म्हणतील याची मी वाट पाहिली. मला ते ऐकायला हवं होतं.

“टाच सुटलीया?” त्यांनी एवढंच विचारलं.

“हो.”

त्या उठल्या, उंबऱ्यापाशी वाकल्या आणि ती पिवळी चप्पल न पुसता माझ्या हातात दिली. “ही ठेव, आणि रेघ पुरी कर.”

“आत्या… बोटं शिडीकडं केली तर ते उतरतील.”

“व्हय.”

“उतरून कुठं येतील?”

आत्यांनी माझ्या हातातली चप्पल उलट्या तोंडानं फिरवून दाखवली. “भ्या वाटत आसंल तर बोटं भिताडाकडं कर, पोरी. मग त्यो वरच ऱ्हाईल. पर मग कपिलबी ऱ्हाईल.”

मी पुन्हा चढले. पलीकडची मोगरी थांबली होती. मी चप्पल पत्र्यावर ठेवली, बोटं शिडीकडं. कपिलच्या पिशवीतला खिळा घेतला आणि रेघ सुरू केली. शिसं मऊ असतं, गार झालेल्या तुपात बोट फिरवावं तसं. अंगठ्याकडून बाहेरच्या कडेनं टाचेपर्यंत आले. टाचेपाशी खिळा जोरानं वळवावा लागला, तरी चप्पल तसूभर हलली नाही.

मी ती धरलेली नव्हती.

रेघ जुळली तेव्हा चप्पल उचलली. तोवर ती नुसती चप्पल झाली होती, हलकी.

“आता तुमचा पाय,” मी म्हणाले. कपिलनं निमूट पाय ठेवला. त्याची रेघ पुरी झाली तसा त्यानं कप उचलून तोंडाला लावला. “गार झाला की गं चहा,” तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो माझ्याकडं बघून बोलला.

आधी मी उतरले, मग तो. खाली आत्यांनी शिडी धरली होती. कपिलचे पाय जमिनीला लागल्यावर मी शिडी बाजूला घ्यायला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“थांब.”

बांबूची शिडी, भार पडला की कुरकुरते. सगळ्यात वरची पायरी कुरकुरली. मग तिच्या खालची. आत्या वर पाहत होत्या. लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, “दमानं ये रं…”

कपिल भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

आम्ही अजून इथंच राहतो. भुताखेताचा विषय निघाला की आत्या म्हणतात, आपल्यात नसतं. मीही मान डोलावते. ताट, उशी, या दिव्याची काच, सगळं अजून दुपारपर्यंत पिवळं होतं आणि मी फडकं घेऊन फिरत असते. चप्पल तेवढी आत्या आता पुसत नाहीत. ती बघा, तुमच्या डाव्या हाताला, उंबऱ्यापाशी.

तिच्यावर हळद बसत नाही. धूळ बसायला वस्तू एका जागी पडून राहावी लागते.