नाव खरं, नंबर खरा

कळंबच्या एका खासगी दवाखान्यात चुकीच्या इंजेक्शननं धुरपदाबाई गेल्या. इंजेक्शन देणारी नर्स त्याच दुपारी पसार झाली. मागं राहिली तिच्या नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स. झेरॉक्सवरचा फोटो काळाठिक्कर. नाव इरम्मा. नंबर पडताळला, तर खरा.

पण इरम्मा त्या दुपारी लोहाऱ्यात, सरकारी दवाखान्यात बाळंतपण करत होती. बाळंतीणच साक्षीला होती.

फौजदार समृद्धी लोहाऱ्याला इरम्माच्या घरी पोचली.

"झेरॉक्स कुणाकुणाला दिल्या?"

"मी प्रत्येक झेरॉक्सवर आडवी रेघ मारते, कशासाठी दिली ते लिहिते, मॅडम. मगच देते."

समृद्धीच्या हातातल्या झेरॉक्सवर रेघ नव्हती. म्हणजे ती मूळ कागदावरूनच काढलेली.

"मूळ कागद?"

"कपाटात. किल्ली खुंटीला. घरात नवरा आन् सासूबाई. सासूबाईंना वाचता येत न्हाय."

"बारा मेला त्या नर्सला कामावर घेताना कळंबच्या दवाखान्यानं नंबर पडताळला. त्याचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर आला. कुणीतरी लगेच तो त्यांना सांगितला."

इरम्मा दचकली. "त्या दिवशी फोन घरीच राहिला होता."

तेवढ्यात तिचा नवरा शांतलिंग बाहेरून आला. समृद्धीनं त्याला एकच विचारलं, "बारा मेला कुठं होता?"

"परंड्याला, दिवसभर. आजकाल ओटीपी कुणीबी फसवून काढतंय, मॅडम."

समृद्धी त्याच्याकडं वळली.

"ओटीपीचं बोलणं तुम्ही यायच्या आधी झालं. तुमच्यापुढं मी तो शब्दही काढला नाही. कपाटाला हात तिघांचा लागतो. इरम्मा कामावर, सासूबाईंना अक्षर येत नाही. फोनवरचे आकडे वाचून दाखवणारे उरलात तुम्ही. कुणासाठी केलंत?"

शांतलिंग भिंतीला टेकून बोलला.

"बहिणीसाठी. शिवरंजनी नर्सिंगला दोनदा नापास झाली. कळंबला सासरी लई बोलणी खायची. कागद घरात नुसता पडून होता..."

"पडून?" इरम्मा पुढं आली. "तीन वर्षं राबले मी त्याच्यासाठी. धुरपदाबाईच्या लेकरांनी माझ्या नावानं बोटं मोडली, आन् तुम्ही माझ्याच ताटात जेवत होता!"

समृद्धीनं त्याच्याकडून शिवरंजनीचा ठावठिकाणा काढून घेतला.

शिवरंजनी संध्याकाळी सापडली.

आठवड्यानं इरम्माला नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. चौकशी संपेपर्यंत तिची नोंदणी स्थगित. हरकत असल्यास मूळ प्रमाणपत्र घेऊन हजर राहावं.

पत्र घेऊन ती समृद्धीकडं आली. समृद्धीनं वाचलं आणि तिला इरम्माच्या डोळ्याला डोळा देता येईना.

मूळ प्रमाणपत्र तिनंच पुरावा म्हणून कोर्टात जमा केलं होतं.