थोडंच घ्यायचंय

परभणीत माझं काम सरळ होतं. ज्या घरात एकाहून जास्त माणसांना कानात आवाज ऐकू येण्याचा आजार आहे अशी घरं शोधायची, त्यांच्याशी बोलायचं, त्यांची तयारी असेल तर थोडं रक्त घ्यायचं आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. हा आजार रक्तातून किती उतरतो, ते आम्हाला बघायचं होतं. सोबत औषधपाणीही सुरू करायचं, ही माझी अट होती. या जिल्ह्यात मनाच्या डॉक्टरपर्यंत पोचायचं तर माणसाचा अख्खा दिवस एसटीत जातो.

मी पुण्यात वाढलो, वय चाळीस. त्या हिवाळ्याआधी मराठवाड्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय.

सिद्धोधन आमचा समाजसेवक, रक्त घ्यायलाही शिकलेला. पूर्णेचा राहणारा, कमी बोलणारा. घरं तो शोधायचा, लोकांना समजावून यायचा, मग मी जायचो. पालमजवळच्या एका खेड्यातलं भागवतचं घर त्यानंच शोधलं. भागवत आणि त्याची बायको कोकिळा दरवर्षी ऊसतोडीला जायचे. यंदा गेले नव्हते. गेल्या साली भर दुपारी भागवत उसाच्या फडातून उठून चालू लागला होता. संध्याकाळी तो तीन गावं पलीकडे एका बांधावर बसलेला सापडला. एका हाताची बाही वर सरकवलेली, हात पुढे धरलेला.

"कुनाला तरी हात दाखवायला बसल्यावानी," कोकिळा म्हणाली.

अंगणात तूर वाळत होती. भागवत भिंतीला टेकून बसला होता. सिद्धोधनशी तो नीट बोलला. आठ वर्षांपासून एक पुरुष कानाशी बोलतो, शिव्या देत नाही, ओरडत नाही, असं त्यानं सांगितलं. मी काही विचारलं की मात्र तो माझ्याकडे न बघता छपराकडे बघायचा. संशयी रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. मी मनावर घेतलं नाही.

रक्त घ्यायला मी त्याच्याजवळ बसलो. दंडाला पट्टा बांधला आणि प्रत्येकाला म्हणतो तेच म्हणालो, "घाबरू नका. थोडंच घ्यायचंय."

भागवतनं डोळे मिटले. कोकिळा तुरीतून उठली आणि आमच्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"तुमी ह्याच्या आदी आलता का आमच्याकडं?"

"नाही. आज पहिल्यांदा."

"मंग हे बोलनं तुमाला कुनी सांगितलं?"

"कुठलं बोलणं?"

"ह्यांच्या कानात त्यो हेच म्हनतो. आठ वर्सं झाली. ह्येच, असंच."

रक्त शेवटी सिद्धोधननं घेतलं. मी अंगणाबाहेर उभा राहिलो. निघताना कोकिळेनं सांगितलं की सासऱ्यांची एक बहीण होती, पार्वतीबाई. तिला पाळण्यातच चुडाव्याच्या एका घरी दत्तक दिलेलं. तिलाही असंच होतं म्हणून ऐकलंय, पण दोन्ही घरांत येणंजाणं कधीच नव्हतं. हे सगळं ती सिद्धोधनला सांगत होती. माझ्याकडे तिनं पाठ केली होती.

परतताना गाडीत मी सिद्धोधनला विचारलं, "माझं ते वाक्य तू त्यांना आधी सांगितलं होतंस?"

"नाही सर."

"सहज, बोलताबोलता? रक्त कसं घेतात ते समजावताना?"

"नाही सर." तो रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मीच तुम्हाला विचारणार होतो."

"काय?"

"तुम्ही त्यांच्याकडे आधी कधी गेला होतात का, ते."

माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. लोकांना उत्तरं पढवली की अभ्यास मातीत जातो. म्हणून रविवारी कुणालाही न सांगता मी एकटाच रेल्वेनं चुडाव्याला गेलो. स्टेशनवर उतरलो, एका चहावाल्याला घर विचारलं आणि चालत निघालो. हरभऱ्याला घाटे धरले होते. ऊन कोवळं होतं. मन शांत होतं, कारण आता खरंखोटं कळणार होतं.

साठीची एक बाई ओसरीवर दाराकडे पाठ करून ज्वारी पाखडत होती.

"पार्वतीबाई आहेत का?" मी विचारलं.

तिनं मान वळवली नाही. सूप चालूच राहिलं. "हाय की. मी कुटं जाऊ," ती म्हणाली. रोजच्या माणसाला द्यावं तसं उत्तर.

"तुमच्याशी बोलायचं होतं."

"बोल की मंग. मी कवा नको म्हनले?"

तिची सून आतून बाहेर आली. मला बघून थबकली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "आत्याबाई, कुनी तरी आलंय. मागं बघा."

सूप थांबलं. पार्वतीबाई सावकाश वळली. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. फार दिवस चाललेला एखादा हिशोब चुकला, असं काहीतरी होतं.

"ह्यांना पानी दे," ती सुनेला म्हणाली. मग मला, "बसा."

मी बसलो. पाणी प्यालो. मी डॉक्टर आहे, परभणीहून आलोय, एवढंच सांगितलं. भागवतचं नाव काढलं नाही. रक्ताचं तर नाहीच.

"तुमच्या कानात कुणी बोलतं का?"

"बोलतंय."

"काय म्हणतं?"

"घाबरू नका म्हनतो. थोडंच घ्यायचंय म्हनतो."

ओसरीवर चिमण्या ज्वारी टिपत होत्या.

"काय घेतो?"

"ते न्हाई कळत. घेतल्यावर हलकं वाटतंय. मालक गेले तवा मला रडूच आलं न्हाई. समदे नावं ठेवायलेते. काय करू, आतून कायच निघंना."

पुढचा प्रश्न आमच्या कामात ठरलेला असतो. मला तो विचारायचा नव्हता.

"आवाज कुणासारखा आहे?"

"तुमचाच हाय," ती म्हणाली.

सून दारात उभी होती. ती आत गेली.

"बाई, मी आज पहिल्यांदा येतोय तुमच्याकडे."

"असंल."

"किती वर्षं झाली, आवाज येतो त्याला?"

"माझं दुसरं बाळंतपन झालं तवापासून. तीस वर्सं झाली असतील." ती सुपातले खडे वेचत होती. "आदी असा नव्हता. बारीक होता, लेकराचा. मला वाटायचं, कुनाचं तरी पोरगं खेळायलंय. मागून फुटला, बाप्याचा झाला."

मी स्टेशनवर कसा आलो ते नीट आठवत नाही. तीस वर्षांपूर्वी मी पाचवीत होतो.

सिद्धोधनला मी सगळं सांगितलं. त्यानं मान डोलावली, आश्चर्य दाखवलं नाही. पार्वतीबाईचं रक्त नंतर त्यानंच जाऊन आणलं. मी स्वतःला एकच गोष्ट समजावत होतो. भागवत तिचा भाचा. आजार रक्तातला. ऐकू काय येतं हेही कदाचित रक्तातच असेल, आजवर कुणाला सापडलं नसेल. माझ्या आवाजाबद्दल पार्वतीबाई चुकत असेल. माणसाचं मन जवळच्या आवाजाला चिकटतं.

पुण्याहून अहवाल आला. भागवत आणि पार्वतीबाई यांचं एकमेकांशी रक्ताचं कुठलंही नातं नव्हतं.

नमुने बदलले असतील म्हणून पुन्हा रक्त घेतलं. या वेळी मी सिद्धोधनच्या मागे उभा राहून नळीवर चिकटवलेलं नाव स्वतः वाचलं. तोंडानं एक शब्द काढला नाही. उत्तर तेच आलं. पाळण्यातलं ते मूल कुणाचं होतं, हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही. पण मग त्या दोघांत सारखं काय होतं, हा प्रश्न राहिला. सिद्धोधननं तो एकदाच विचारला आणि माझ्याकडे बघून थांबला.

त्यानंतर घरोघरी जाणं मी सोडलं. भागवत औषधांवर सुधारला. आवाज गेला, झोप लागते, शेतात जातो, असं कोकिळेनं सिद्धोधनला फोनवर सांगितलं. मला तिनं नमस्कार सांगितला नाही. पार्वतीबाईनं गोळ्या घेतल्या नाहीत.

मी आता आठवड्यातून दोनदा फक्त बाह्यरुग्ण विभागात बसतो. विचारायचं ते बहुतेक सिद्धोधन विचारतो. मी लिहून घेतो.

परवा तो रजेवर होता. चारठाण्याचे एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. निकिता, वय एकोणीस, बारावीनंतर घरीच. अभ्यासात त्यांचं घर नाही, पालमशी किंवा चुडाव्याशी काही संबंध नाही. तीन महिन्यांपासून पोर एकटीच बोलते, एवढंच वडील म्हणाले.

ती खाली मान घालून बसली होती. कुणीतरी विचारायला हवंच होतं.

"नाव काय तुझं?" मी म्हणालो.

ती दचकली नाही. मान वर करून माझ्याकडे, मग माझ्या ओठांकडे लक्ष देऊन बघत राहिली.

"काय त्रास होतो, सांगशील?"

ती वडिलांकडे झुकली आणि हळू आवाजात म्हणाली,

"दादा, आज ह्यांचं तोंड पन हलायलंय."