आडोशामागचा फासा

त्या कोपऱ्यात प्लास्टर कालवायची रबरी वाटी पालथी घातलेली दिसतेय ना, तिला तेवढा हात लावू नका. बाकी ही दातांची लॅब आजपासून जितकी माझी तितकीच तुमची. का ते सांगते, बसा. तुम्ही करायला घेतलेल्या कवळीचं मेण गार व्हायला अजून वेळ आहे.

सहा वर्षं झाली. एका शनिवारी मी घरची रद्दी घालायला गेले होते. तिथे सुतळीने बांधलेले जुन्या चित्रकथांचे सहा अंक दिसले. एकच साहसकथा, ओळीने. मुखपृष्ठावर कंदील घेतलेली चार माणसं आणि मिठाच्या खाणीचं काळं तोंड. मी रद्दी दिली आणि ते गाठोडं उचललं.

रद्दीवाला म्हणाला, "बाई, असं केलंत तर घर रिकामं कधी होणार?"

"रिकामंच आहे," मी म्हटलं. तो हसला. मला काही हसू आलं नाही.

मला ते खेळासाठी हवे होते. आमचा खेळ असा, की टेबलाभोवती चार जण बसायचे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. दार दिसलं तर उघडायचं की पळायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. अडलं की फासा टाकायचा, आणि पडेल ते मुकाट मान्य करायचं. गोष्ट सांगणारी मी. माझे फासे आणि टिपणं कुणाला दिसू नयेत म्हणून माझ्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा असायचा. फासेसुद्धा मीच केलेले, दातांच्या अ‍ॅक्रिलिकचे. इतक्या वर्षांत त्या आडोशामागे मी एकदाही खोटा आकडा सांगितला नाही. फार मिरवायचे मी ते.

खेळायला माझी मोठी बहीण, भाऊजी, आणि एक मित्र. प्रत्येक नियमावर हुज्जत घालायचा म्हणून त्याला आम्ही वकील म्हणायचो. त्याचा सहा वर्षं जपलेला तलवारबाज एके दिवशी माझ्या एका फाशाने मेला. एक पडला होता. मी तीन सांगू शकले असते, कुणाला कळणार होतं? पण मी सरळ एक सांगितला. वकील हसला, चहा प्यायला, घरी गेला आणि परत आलाच नाही. मग हळूहळू ताई-भाऊजींचंही येणं सुटलं. ती रद्दी घातली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी मात्र सगळे यायचं कबूल झाले होते, वकीलसुद्धा. म्हणून मला गोष्ट झकास हवी होती.

जुन्या चित्रकथांचं एक बरं असतं, पानापानाला संकट. तुटका पूल, सरकणारी भिंत, मीठ चाटवलं की उघडणारं दार. एकेक चौकट म्हणजे खेळातली एकेक खोली. मी वही घेऊन बसते आणि सरळ चोरते. माझा नियम एकच, पुढचा अंक उघडण्याआधी पुढे काय होईल ते आपण ठरवायचं. म्हणून पहिले दोन सोडून बाकीचे अंक मी चाळलेच नव्हते. हे लक्षात ठेवा.

रविवारी लॅब बंद असते. मालकांनी मला किल्ली दिली होती. दुपारी चारला येऊन मी या माझ्याच टेबलावर आडोसा उभा केला, खुर्च्या मांडल्या. खिडकी नाही, त्यामुळे इथे दुपार काय नि रात्र काय, सारखीच. वर ही ट्यूब, भिंतीवर प्लास्टरचे जबडे, नाकात अ‍ॅक्रिलिकचा वास. पाच वाजता ताईचा फोन आला.

"अगं, यांना जरा बरं नाहीये. पुढच्या रविवारी नक्की."

"आणि वकील?"

"तो... येणार नव्हताच गं. तुला वाईट वाटेल म्हणून हो म्हणाला."

मी फोन ठेवला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मांडलेल्या तीन खुर्च्यांकडे बघवेना. मग हात कुठेतरी गुंतवायचा म्हणून तिसरा अंक उघडला. पहिल्या दोनांत काही नव्हतं. याच्या समासात मात्र पेन्सिलीने, बारीक तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'मी दाराशी थांबतो. आत कुणी आहे का ऐकतो.' खाली उत्तरासाठी जागा कोरी ठेवलेली.

मला एकदम कळलं. हा कुणीतरी एकटाच खेळत होता. गोष्ट सांगणारं माणूसच नव्हतं त्याच्याकडे. म्हटलं, चला, जोडी जमली. मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'आत कुणी नाही. पण तुझ्या पायाशी एक कवळी पडली आहे.' वात्रटपणा माझा, दुसरं काय.

चौथा अंक उघडला.

'कवळी उचलली,' समासात लिहिलं होतं. 'खालची आहे. कुणाची?'

मी खालची म्हटलंच नव्हतं. पण घासायला ठेवलेली एक कवळी माझ्या डाव्या हाताशी होती, आणि ती खालच्या जबड्याचीच होती. तरी उठावंसं वाटेना. किती महिन्यांनी कुणीतरी मला पुढे काय झालं ते विचारत होतं. मी लिहिलं, 'ठेव ती. पुढे चल.'

पाचवा अंक. अक्षर इथे थरथरलं होतं.

'दिवा विझत आलाय. तेल किती आहे, बघता का? फार दिवस झाले इथे... कुणी उत्तरच देत नव्हतं.'

आता फासा टाकणं आलं. चार किंवा वर पडले तर दिवा पुरेल, नाहीतर तो अंधारात जाईल आणि खेळ संपेल. सवयीने मी आडोशामागेच फासा टाकला.

दोन पडले.

मी त्या फाशाकडे बघत बसले. वकिलाचा चेहरा आठवला. मग आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं लिहिलं, 'पाच पडले. तेल भरपूर आहे. घाबरू नकोस, वर ये.'

सहावा अंक उघडायला वेळ लागला. पान उलटायला बोट जिभेला लावलं तर खारट लागलं, घामाने असेल. शेवटच्या पानावर चौघं खाणीबाहेर उन्हात उभे होते. त्यांच्याखाली समासात...

'दोन पडले होते. मी बघितलं. माझ्यासाठी असं कुणी केलं नव्हतं. मी वर आलो.'

आडोसा समोरच्यापासून लपवतो हो. फासा दिसायचा तर माणूस माझ्या बाजूला हवा. माझ्या पाठीशी.

मी वळले नाही. श्वाससुद्धा बेतानेच घेत होते. पान तळाशी दुमडलेलं होतं. ती घडी मी नखाने उलगडली.

'आता तुमचा दिवा किती पुरेल, तो फासा मी टाकतो.'

टेबलावर बघितलं तर फासा नव्हता. तेवढ्यात मागे, त्या कोपऱ्यात, फरशीवर काहीतरी टकटक करत घरंगळलं... आणि थांबलं. घडीच्या अगदी आत शेवटची ओळ होती.

'पाच पडले. तेल भरपूर आहे. घाबरू नका.'

माझेच शब्द. ते मी दोन पडल्यावर लिहिले होते, आणि का, ते मलाच ठाऊक.

डोळे मिटून, चाचपडत जाऊन मी त्या फाशावर ती वाटी पालथी घातली. पुढच्या रविवारी ताईचा फोन आला, येऊ का म्हणून. मी नको म्हटलं. टेबल भरलंय म्हणाले.

तुमच्या बाजूच्या दोन्ही ट्यूब दर वर्षी जातात, मालकांना विचारा. माझ्या डोक्यावरची तीच आहे, सहा वर्षं, एकदाही लुकलुकलेली नाही. मालक म्हणतात, नशीबवान ट्यूब आहे. वाटीखाली पाच असतीलही. पण झाडताना जरा लांबूनच झाडा, आणि वाटी चुकून हललीच, तर किती दिसले ते मला सांगू नका.