सुगंधाची जेवणाची सुट्टी

"ए… तिथं नको बसू गो. ती जागा माज्या बहिनीची हाय."

डबा उघडता उघडता रुचितानं वर पाहिलं. दारात एक उंच मुलगा उभा होता. पॉलिशच्या काळ्या भुकटीनं चेहरा इतका माखलेला, की डोळे आणि दात तेवढे दिसत होते. पण डोळे असे, की नोकरीच्या पहिल्याच दिवशी पोरीनं घास घ्यायचं विसरावं!

"सॉरी हं," ती बाजूला सरकली. "येतेय का ती?"

"न्हाय. गेली ती. गेल्या दिवालीच्या आधी."

एवढं बोलून तो निघूनही गेला. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात रुचिताच्या अंगावर काटा आला.

भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तो स्टीलच्या भांड्यांचा गाळा. पुढे प्रेस आणि पॉलिशची मशिनं, तिथे पुरुष. मागे बायका, त्यांनी ताटं पुसायची, स्टिकर लावायचे, माल भरायचा. दुपारी एकला घंटा झाली की पुठ्ठे अंथरून बायका ओळीनं जेवायला बसत. भिंतीकडची पहिली जागा मात्र रिकामी ठेवत. तिथे एक झाकण मांडायचं, प्रत्येकीनं आपल्या डब्यातला एक घास त्यावर ठेवायचा, आणि मगच जेवायचं. असं का, ते हंसाबेननी सांगितलं. गाळ्यातल्या सगळ्यांत जुन्या त्याच.

"सुगंधा इथेच काम करायची बेटा. मुर्धा गावची. धनतेरसचा माल जायचा होता, तर शेठ बोलला, आज जेवणाची सुट्टी नाय, कोणी उठायचं नाय. पोरगी सकाळपासून उपाशी. चक्कर येऊन पडली ती उठलीच नाय. डबा तसाच बंद राहिला बिचारीचा."

"आणि मघाशी आला तो?"

"प्रणय. तिचा भाऊ. तिनंच लावला इथे कामाला." हंसाबेननी आवाज खाली आणला. "तेव्हापासून काय होतं माहीत आहे? एक वाजून गेला आणि आपण उठलो नाय, की ताटं वाजतात."

रुचिताला हसू आलं. प्रेस दणदण चालते, जमीन हादरते, ताटं वाजणारच! पण पुढच्याच आठवड्यात लोडशेडिंग झालं. प्रेस बंद, पंखे बंद, विजेची घंटाही बंद. अंधूक उजेडात बायका मुकाट्यानं ताटं पुसत राहिल्या, वेळेचं भान कुणालाच नव्हतं. आणि कोपऱ्यातली ताटांची चळत हळूच किणकिणली… कुणीतरी नखानं टिचकी मारावी तशी. सगळ्या उठल्या आणि हात धुवायला गेल्या. रुचिताही गेली, तिचं हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

नळ होता गाळ्याच्या मागे. जेवण झाल्यावर डबे घासायला सगळे तिथेच येत, आणि प्रणय तिथेच तोंडावरची काळी भुकटी धुवायचा. पाण्याचे थेंब ओघळायचे, खालून सावळा, हसरा चेहरा निघायचा. रुचिता रोज एकच डबा तीन-तीनदा घासायची. हातांना राखेची सवय नव्हती, पण मनाला त्या चेहऱ्याची लागली होती!

"तुमच्याकडे 'मला भूक लागली' हे कसं म्हणतात?" तिनं एकदा विचारलं.

"तसंच म्हनतात. आमची भूक काय वेगली हाय?"

"मग वेगळं काय आहे तुमच्यात?"

"आमी सरल बोलतो. तुमच्यासारखं डब्याकडं बघून बोलत न्हाय."

ती अशी लाजली, की डबा हातातून सुटून मोरीत गेला. सकाळी तो मशिनीच्या धुरळ्यात असायचा, संध्याकाळी पश्चिमेला जाऊन मुर्ध्याची बस धरायचा. अख्ख्या दिवसात तिचा म्हणून हा अर्धाच तास होता. पण त्यावर ती दिवस काढत होती.

एकदा तो बहिणीबद्दल बोलला. एक वाजला की सुगंधा कशी हाक द्यायची, ते त्यानं करून दाखवलं — "जेवून घ्या गो बायांनो…" शेवटचा सूर लांबवत. त्याला हसवायला म्हणून रुचितानंही तशीच हाक मारली. प्रणयचा चेहरा उतरला.

"परत असं बोलू नको… कवाच न्हाय. आवाज तिचाच वाटला."

"नाही बोलणार," ती म्हणाली. "शप्पथ."

मग धनत्रयोदशी जवळ आली, आणि नव्या मॅनेजरनं फर्मान काढलं. उद्यापासून घंटा बंद. आळीपाळीनं, उभ्या उभ्या काय ते खाऊन घ्या, हात चालू राहिले पाहिजेत. भिंतीकडचं ते झाकणही उचला, तिथे खोकी लागतील.

रुचिता उभी राहिली. "सर, सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. मध्ये अर्धा तास द्यावाच लागतो, कायदा आहे तसा. मेहरबानी नाही ती."

"कायदा?" तो हसला. "बाहेर जाऊन बघ मॅडम, गेटवर किती लडक्या उभ्या आहेत. त्यांना शिकव कायदा."

त्या संध्याकाळी घरी जाताना तिला रडू येत होतं. स्वतःच्या अर्ध्या तासासाठी येत होतं, खोटं कशाला बोला! पण हंसाबेनसाठीही येत होतं. त्यांना साखरेचा त्रास, जेवायला जरा उशीर झाला की हात थरथरायला लागायचे. आणखी एक जागा रिकामी ठेवायची का? एक उपाय तिला दिसत होता. पण त्यासाठी प्रणयला दिलेली शप्पथ मोडावी लागणार होती, आणि मग तो पुन्हा तिच्याकडे बघेल की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी एक वाजून गेला. घंटा झाली नाही. हंसाबेनच्या कपाळावर घाम डवरला. सगळ्याजणी चोरून चळतीकडे बघत होत्या… पण ताटं गप्प! त्या दिवशी नेमकी गप्प. रुचितानं हातातल्या ताटात पाहिलं. आपलाच चेहरा होता, फक्त ताटातली पापणी क्षणभर उशिरा मिटल्यासारखी वाटली. ती उठली आणि पोटातून हाक दिली.

"जेवून घ्या गो बायांनो…! उपाशी पोटी काम नको…"

पुढची प्रेस थांबली. मॅनेजर धावत आला, त्याच्या मागे प्रणय. त्याच्याकडे बघवेना, म्हणून तिनं मान खाली घातली. झालं होतं, एवढंच करायचं होतं तिला. पण जीभ थांबेना.

"आनि तू रं प्रणय? रोज डबा खाडीत वततोस… आयेला रिकामा दाखवतोस… कवापर्यंत?"

आणि गाळ्यातली सगळी ताटं एकदम किणकिणली. खोक्यांतली, चळतीतली, बायकांच्या मांडीवरची.

मॅनेजर पांढराफटक पडला. धडपडत गेला आणि स्वतःच्या हातानं घंटा दाबली. कायद्याला हसणारा माणूस मेलेल्या बाईला घाबरला. पुढे त्या गाळ्यात जेवणाची सुट्टी बंद करायचं नाव कुणी काढलं नाही.

रुचिता नळावर गेली. तोंडावर पाणी मारलं. मागे पावलं वाजली.

"खाडीचं तुला कोनी सांगितलं?"

"कुणीच नाही." तिचा आवाज फुटला. "पहिली हाक माझीच होती प्रणय, शप्पथ मोडली मी. तू नाही बोललास माझ्याशी तरी चालेल… नाही, नाही चालणार! पण पुढचं… पुढचं मी नाही बोलले."

तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. नळ गळत होता.

"घास घशाखाली उतरतच न्हवता," तो म्हणाला. "या टायमाला ती उपाशी गेली, नि मी जेवू? कुनालाच म्हाईत न्हाय हे. आयेला पन न्हाय." मग तो तिथेच पायरीवर बसला, डबा उघडला, आणि काळे हात तसेच पुढे करून म्हणाला, "बस. तू आदी खा. आयेच्या हातचं हाय… आवडलं तर सांग. जन्मभर खायचं हाय तुला."

रुचिताला हसूही आलं आणि डोळेही भरले. डब्यात भात आणि सुका जवळा होता. तिच्या घरी कधी मासळी शिजली नव्हती. तरी तिनं त्याच्याजवळ बसून घास घेतला, डोळे मिटून चावला.

"आवडलं," ती म्हणाली. "पण आज मीठ कमी आहे नेहमीपेक्षा. आईंना बरं नाहीये का?"

प्रणयचा हात डब्यातच थांबला. आईला कालपासून ताप होता, आणि तिच्या हातचं रुचितानं आज पहिल्यांदाच खाल्लं होतं. आपण काय बोललो ते रुचिताच्या लक्षात आलं, आणि तिनं घाबरून त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला नाही. थोड्या वेळानं त्यानंही एक घास घेतला.