मेलेल्या शिंगराची बातमी

"परत वाच ती ओळ," बाबा म्हणाले, आणि सूनबाईने हातातला पाव ताटलीत ठेवून घोड्यांच्या क्लबचं वार्तापत्र पुन्हा खिडकीच्या उजेडात धरलं.

"'पाहुण्याचा वंश बुडाला असं मानणाऱ्यांसाठी आनंदाची बातमी. पाहुण्याचा एकुलता उरलेला मुलगा आणि संस्थापकांच्या पागेतली ठमी यांचं शिंगरू यंदा संस्थापकांच्याच घरी जन्माला येत आहे...'"

बाबांची थोरली लेक चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावरून ओघळून खाली टपटपू लागला, तरी तिचा हात किटलीवरून निघेना. पाहुण्याचा मुलगा... आणि ठमी! कुणी जुळवलं हे? कधी?

"तिला सांगा," बाबा आपल्या विझलेल्या डोळ्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "चहा कपात ओतायचा असतो म्हणावं."

तिचा धाकटा भाऊ हसला. हे घरातलं नेहमीचंच होतं. बाबा थोरलीशी बोलत नसत. बोलायचं झालं तर सुनेकडे तोंड करून 'तिला सांगा' म्हणत, आणि ती मात्र दोन हातांच्या अंतरावर उभी असे. एके काळी हेच बाबा तिला 'सरकार' म्हणत. परकरातली ही एवढीशी पोर बादली घेऊन पागेत फिरायची, मोतद्दारांना दम द्यायची, आणि बाबा हात जोडून विचारायचे, "सरकार, आज आमच्या घोड्यांना चारा मंजूर आहे का?" मोठी झाल्यावर पागा तिनेच सांभाळली. क्लबचं वार्तापत्र तीच लिहायची, आणि वार्षिक मेळाव्यात बातम्याही तीच वाचायची. मग एके दिवशी तिने पाहुण्याला खच्ची करवलं, आणि त्या दिवसापासून या घरात सरकार उरलं नाही.

पाहुणा म्हणजे क्लबचा जीव की प्राण. घरात पाहुणे जेवायला बसले असताना जन्मला म्हणून त्याचं नाव पाहुणा. राखी अंगाचा, काळ्या आयाळीचा, आणि चालायचा तो अंगणात सून उतरावी तसा, तोलून मापून. क्लबचे संस्थापक बाबाच, आणि क्लबमधल्या सगळ्या घोड्यांची मूळ घोडीही त्यांनीच आणली होती. तिला लोक कौतुकाने 'आईसाहेब' म्हणत. आईसाहेबांचं खरं रूप उतरलं ते पाहुण्यात, असं जो तो म्हणे. अशा घोड्याला, बाबा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना, पोटच्या मुलीने खच्ची केलं! का, तर म्हणे, "आवरत नव्हता."

तिने सांगितलेलं कारण एवढंच होतं. खरं कारण तिला आणि घोड्यांच्या डॉक्टरांना ठाऊक होतं, आणि डॉक्टरांना तिने आईची शपथ घातली होती. त्याच आठवड्यात पाहुण्याचं एक शिंगरू झालं होतं. ते उभं राहिलं नाही. मान मागे टाकून पडून राहिलं, आणि त्याच्या खांद्यापासून शेपटीपर्यंत कातडीखाली एक बारीक थरथर धावत राहिली, थांबली ती ते तिच्या मांडीवर गेलं तेव्हाच. डॉक्टर म्हणाले, हा दोष रक्तातला आहे, आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच दिसतो. आपल्या सगळ्याच घोड्या आईसाहेबांच्या. पाहुण्याची पैदास थांबव. आणि त्याच संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला होता की बाबांचे डोळे गेले.

डोळे गेले. आता त्यांच्यापाशी काय उरलं होतं? एक क्लबमधलं नाव, आणि दुसरा त्यांचा हात. क्लबची रीत अशी की नवं शिंगरू जन्मलं की संस्थापकांनी त्याच्यावर मानेपासून खुरापर्यंत हात फिरवायचा. 'बाबांचा हात फिरला, शिंगरू आपलं झालं,' असं लोक म्हणत, आणि मगच त्याच्या जन्माची बातमी छापून येई. ज्याला हात फिरण्याआधीच मरण आलं, त्याची बातमी नसे. मेलेल्या शिंगराची बातमी कशाला, असं सगळ्यांनाच वाटे. शुभकार्यात अभद्र कोण बोलतो?

तेव्हा त्या आंधळ्या म्हाताऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की तुम्ही उभी केलेली ही जातच मुळात सडकी आहे? तिने सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. बाबांचं बोलणं बंद झालं, पागेच्या किल्ल्या धाकट्याकडे गेल्या. क्लबमधल्याच एका घराशी तिचं लग्न ठरत आलं होतं, त्यांनी 'पाहुण्याचा वंश बुडवणारी मुलगी आम्हाला नको' म्हणून निरोप पाठवला. तिने तो निरोपही स्वयंपाकघरात उभं राहून, भाजी चिरता चिरता ऐकला. निदान बाबा सुखात आहेत, ती मनाला समजावत राहिली... निदान बाबा ताठ मानेने मेळाव्याला जातात.

आणि आज हे!

न्याहारी आटोपल्यावर तिने धाकट्याला पागेमागे गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तो ऐकत होता, पण त्याचा चेहरा हळूहळू आवळत गेला.

"ताई, इतकी वर्षं तोंडात गुळणी धरली होतीस आणि आज आठवलं?"

"मला माहीत नव्हतं रे, पाहुण्याचा मुलगा कुठे शिल्लक आहे म्हणून."

"मी शोधला. लांबच्या एका सभासदाकडे होता. बाबांच्या डोळ्यांदेखत... म्हणजे बाबा असेपर्यंत पाहुण्याचं रूप परत यावं म्हणून शोधला. ठमीला तिकडे पाठवून आणलं. आणि तुला आता ते बघवत नाही."

"डॉक्टरांना विचार."

"डॉक्टर तुझेच. आणि समज, खरं असलं तरी ठमीच्या पोटात आहे ते आता काढून घेणार आहेस का? बाबांना सांगितलंस आणि त्यांचं काही बरंवाईट झालं, तर तू जबाबदार. मग आम्हाला दोष देऊ नकोस."

तिने बाबांना काही सांगितलं नाही. प्रत्येक शिंगरात दोष उतरतोच असं नाही, असंही डॉक्टर म्हणाले होते. त्या एका वाक्याचा आधार धरून ती ठमीचे महिने मोजत राहिली. ठमीला मऊ गवत टाकायला जायची, तिच्या पोटावर कान ठेवायची, आणि ज्या देवांना आजवर कधी काही मागितलं नव्हतं त्यांना म्हणायची, एवढं एक धड येऊ दे. माझ्या वाट्याचं जे काही राहिलं असेल ते घ्या, पण एवढं उभं राहू दे...

शिंगरू उजाडता उजाडता झालं. चांगलं भरलं होतं, कपाळावर चांदणी होती. धाकट्याने आनंदाच्या भरात कुणालाच नीट पाहू दिलं नाही. त्याने बाबांना धुतलेला सदरा घालून, हाताला धरून पागेत आणलं, आणि शेजारपाजारचे चार सभासदही चहा टाकून धावत आले. थोरली दाराशी उभी होती. तिने पाहिलं, शिंगरू उठायची धडपडसुद्धा करत नव्हतं. मान मागे गेली होती.

"दमलंय जरा," धाकटा म्हणाला.

बाबा गवतात गुडघ्यांवर बसले. त्यांचा हात कपाळावरच्या चांदणीवरून मानेकडे गेला, मानेवरून खांद्याकडे, आणि खांद्यावर थांबला. तिथून पुढे तो गेलाच नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, आता म्हणतील, 'आपलं आहे.'

"सगळे बाहेर जा," शेवटी ते म्हणाले. "डॉक्टरांना बोलवा. ती इथे थांबेल."

'तिला सांगा' नव्हे. ती थांबेल. थोरली समोर येऊन बसली आणि शिंगराचं डोकं तिने सवयीनेच मांडीवर घेतलं.

"हे तू आधी पाहिलंयस," बाबा म्हणाले.

"हो, बाबा."

"पाहुण्याचं?"

"तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा. असंच, माझ्या मांडीवर गेलं."

"आणि मला सांगितलंस, घोडा आवरत नाही."

"तुमचे डोळे गेले होते, बाबा. उरलेलंही काढून घ्यायचा धीर झाला नाही मला."

बाबांच्या बोटांखाली ती थरथर चालूच होती.

"उरलेलं काय होतं माझ्याजवळ?" ते म्हणाले. "ही थरथर मी तुझ्याही आधी पाहिलीय. आईसाहेबांचं पहिलं शिंगरू, त्यांच्याच रक्ताच्या घोड्यापासून झालेलं. क्लब नुकताच काढला होता, लोक बघायला येणार होते. ते यायच्या आत मी कुंपणापाशी खड्डा केला आणि सांगितलं, घोडीचा गाभ आधीच पडला. तुझ्या आईलासुद्धा हेच सांगितलं. त्या जागेवर पुढे शेणखताचा उकिरडा घातला मी."

थोरली त्यांच्याकडे पाहतच राहिली. तिच्या आत काहीतरी खूप सावकाश वर येत होतं, आणि ते दुःख नव्हतं.

"मग मी पाहुण्याला खच्ची केलं, तेव्हा तुम्हाला संशयसुद्धा आला नाही?"

"आला."

"केव्हा?"

"त्याच दिवशी." बाबांनी मान खाली घातली. "घोडा न आवरणाऱ्यांतली तू नव्हेस, हे मला कळत नव्हतं का? म्हणून तर तुझ्याशी बोलणं सोडलं. बोललो असतो, तर विचारावं लागलं असतं. विचारलं असतं, तर तू सांगितलं असतंस."

इतकी वर्षं ती समजत होती की बाप आपल्यावर रागावला आहे, आणि तो राग आपण त्याच्या सुखासाठी सोसतो आहोत. त्या एका समजुतीवर तिने आपलं तारुण्य, आपला होऊ शकला असता तो संसार, सगळं सुखाने ओवाळून टाकलं होतं. आणि राग नव्हताच! भीती होती नुसती. तिच्या त्यागाची कुणाला गरजच नव्हती, तिने फक्त एका भित्र्या माणसाची सोय केली होती. तिला वाटलं, उठावं, या म्हाताऱ्याला इथेच सोडून जावं, कुंपणापलीकडे चालत सुटावं... पण मांडीवर ते डोकं होतं. आणि तीही गप्पच राहिली होती ना? ती बोलली असती, तर हे शिंगरू जन्मालाच आलं नसतं.

बाबा हात काढून घ्यायला लागले.

"नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "हात काढू नका. ते जाईपर्यंत ठेवा."

बाबांनी हात ठेवला. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, सुई भरली आणि टोचली. थरथर मंद झाली, मग थांबली. धाकटा दाराच्या चौकटीला डोकं टेकून रडत होता. "ताई," एवढंच तो म्हणाला, आणि तिनेही त्याला दुसरं काही बोलायला लावलं नाही.

वार्षिक मेळावा नेहमीच्याच सभागृहात होता. पताका लावल्या होत्या, लाडक्या घोड्यांचे फोटो भिंतीवर होते, आणि मधोमध आईसाहेबांचा. जन्माच्या बातम्या सुरू झाल्या. एकेका शिंगराचं वर्णन व्हायचं आणि टाळ्या पडायच्या. बाबा उठले आणि म्हणाले, आमच्या घरची बातमी माझी मुलगी वाचेल. सभागृहात कुजबुज झाली. तीच का ती? थोरली समोर गेली. या जागेवर ती किती वर्षांनी उभी होती!

"ठमीचं शिंगरू, पाहुण्याच्या मुलापासून," ती म्हणाली. "राखी, कपाळावर चांदणी. जन्मलं त्याच दिवशी गेलं. उभं राहिलं नाही. हा दोष रक्तातला आहे, आणि आईसाहेबांपासून आलेला आहे."

टाळी एकही पडली नाही. अध्यक्ष घाईने पुढे आले, संस्थापकांच्या घरी दुःखद प्रसंग झाला आहे, आपण पुढच्या विषयाकडे... पण मागच्या रांगेतून बेकरीवाल्या बाई उभ्या राहिल्या.

"आमच्याकडेही झालं होतं," त्या म्हणाल्या. "मान मागे टाकलेलं. मला वाटलं, मीच घोडीला काही भलतं खायला घातलं. मी नवऱ्यालासुद्धा बोलले नाही."

मग खिडकीजवळचे शिक्षक उठले. मग दोघे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नव्हते, ते एकाच वेळी उठले. कुणी थंडीला दोष दिला होता, कुणी मोतद्दाराला कामावरून काढलं होतं. प्रत्येकाच्या कुंपणापाशी एखादा खड्डा होता. थोरली उभ्याउभ्याच एकेक लिहून घेत होती. मग एक पांढऱ्या केसांचा माणूस उठला, शेजारी बसलेल्या बायकोकडे न पाहता. एके काळी ज्याच्याशी तिचं लग्न ठरत होतं, तो हाच.

"आमच्याकडे," तो म्हणाला, "पाहुण्याचंच शिंगरू गेलं, त्याला खच्ची केलं त्याच्या आदल्या वर्षी. तुम्ही ते का केलं, हे आम्हाला माहीत होतं."

तिचं पेन थांबलं. मग तिने तेही लिहिलं, इतरांसारखंच, त्याच अक्षरात.

आता या जातीची पैदास होणार नाही, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. लोक आईसाहेबांच्या फोटोकडे पाहायचं टाळत होते. अध्यक्षांनी पताका तशाच ठेवून दिवे कमी करायला सांगितले. बाबा हातांनी खुर्च्या चाचपत तिच्यापर्यंत आले. त्यांचा हात तिच्या खांद्याला लागला, आणि तिथेच राहिला.

"सरकार," ते म्हणाले, "आईसाहेबांचं पहिलं राहिलं. ते सगळ्यांच्या वर घाला."

हाक तीच होती. तिला वाटलं होतं, ती हाक ऐकली की आपण रडू, पण डोळे कोरडेच राहिले. ज्या पोरीला ही हाक हवी होती, ती वाट पाहून कधीच निघून गेली होती. तरी तिने खांद्यावरचा हात झटकला नाही. कागदाच्या माथ्यावर जागा करून तिने आईसाहेबांचं नाव लिहिलं, बाबांना आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं, आणि जे अजून सभागृहात होते त्यांच्यासाठी पहिल्यापासून वाचायला घेतलं.